कुंदूझचे ट्रॉमा सेंटर: अक्षांश-रेखांश कळवूनही

हे प्रकरण उत्तर अफगाणिस्तानातील कुंदूझ शहरातल्या एका रुग्णालयाचे आहे. त्यावर झालेला हवाई हल्ला जगभर गाजला. हल्ल्यापूर्वी पाच दिवस कोणते निर्णय कोणत्या माहितीवर घेतले गेले आणि हल्ल्यानंतर त्या भागातील जखमींना उपचार कसे दुरावले, हा भाग तुलनेने कमी वाचला गेला. येथे भर त्याच भागावर आहे. रुग्ण, नातेवाईक, कर्मचारी आणि सैनिक यांपैकी कोणाचेही नाव दिलेले नाही. घटनाक्रम रुग्णालय चालवणाऱ्या संस्थेच्या अंतर्गत आढाव्यातून आणि अमेरिकी लष्कराने प्रसिद्ध केलेल्या चौकशीतून जे समोर आले त्यावर आधारलेला आहे. जिथे या दोघांचे म्हणणे जुळत नाही, तिथे तसे नमूद केले आहे.

पार्श्वभूमी

कुंदूझ हे सुमारे ३ लाख वस्तीचे शहर. काबूलपासून रस्त्याने ते तीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे आणि मध्ये हिंदुकुश ओलांडणारी सालंगची घाटवाट लागते, जी हिवाळ्यात बर्फाने अडते आणि युद्धाच्या दिवसांत नाक्यांनी. गोळी लागलेल्या, सुरुंगावर पाय पडलेल्या किंवा मोटारीखाली सापडलेल्या माणसाला हा प्रवास सोसवेल याची शाश्वती कधीच नव्हती. ऑगस्ट २०११ मध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ म्हणजेच एमएसएफ या संस्थेने येथे ट्रॉमा सेंटर, म्हणजे गंभीर इजांवर उपचार करणारे रुग्णालय, सुरू केले, तेव्हा देशाच्या संपूर्ण ईशान्य भागात अशा प्रकारचे ते एकमेव रुग्णालय होते. उपचार पूर्ण मोफत होते. अतिदक्षता विभाग, तीन शस्त्रक्रियागृहे, क्ष-किरण, प्रयोगशाळा, फिजिओथेरपी असे सगळे एका आवारात होते. २०१४ या एका वर्षात तेथे २२ हजारांहून अधिक रुग्णांवर उपचार झाले.

मोफत उपचारांचे महत्त्व समजण्यासाठी त्या भागातील माणूस दवाखान्यापर्यंत कसा पोहोचत होता ते पाहावे लागते. एमएसएफने अफगाणिस्तानातील आपल्या चार रुग्णालयांत, ज्यांत कुंदूझही होते, आठशेहून अधिक रुग्णांशी बोलून २०१४ मध्ये जे मांडले, त्यानुसार दर पाच जणांपैकी एकाने मागील वर्षभरात वेळेवर उपचार न मिळाल्यामुळे घरातील किंवा अगदी जवळचे माणूस गमावले होते. जे रुग्णालयात पोहोचले त्यांच्यापैकी ४० टक्के लोकांना वाटेत चकमक, सुरुंग, नाका किंवा छळ यांपैकी काहीतरी सोसावे लागले होते. रात्री जखमी झालेल्या माणसाला घरातच ठेवून, तो उजाडेपर्यंत तग धरेल या आशेवर नातलगांनी रात्र जागून काढायची, हे तेथे नित्याचे होते, कारण अंधारात गाडी रस्त्यावर काढणे म्हणजे दोन्ही बाजूंच्या बंदुकांना निमंत्रण. सशस्त्र संघर्षात आरोग्यसेवा दुरावते ती बहुधा अशीच, बातमी न होता.

रुग्णालय चालवण्याची पद्धत ठरलेली होती. फाटकावर बंदुकीच्या चित्रावर फुली मारलेली पाटी होती आणि शस्त्र घेऊन आत जाता येत नव्हते. जखमी कोण, कोणत्या बाजूचा, हे विचारून उपचार ठरत नसत. तालिबानचा जखमी आणि सरकारी सैन्याचा जखमी एकाच वॉर्डात असण्याचे प्रसंग येत. ही व्यवस्था अफगाण सरकार, तालिबान आणि आंतरराष्ट्रीय फौजा या सगळ्यांशी बोलून, त्यांची संमती घेऊन उभी केलेली होती.

मराठी वाचकाला युद्धभूमीवरचा डॉक्टर म्हटले की सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ मध्ये चीनला गेलेले कोटणीस पुढे चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेत दाखल झाले आणि १९४२ मध्ये तेथेच वारले. त्यांची सेवा एका बाजूची होती आणि ती त्यांनी उघडपणे पत्करलेली होती. कुंदूझच्या रुग्णालयाचे गृहीतक याच्या उलट होते: कोणाच्याच बाजूचे नसणे. हे गृहीतक पाळायला जास्त अवघड आहे, कारण ते टिकवण्यासाठी सगळ्यांनी ते मान्य करावे लागते आणि मोडायला एक जण पुरतो.

आधी मिळालेला इशारा

१ जुलै २०१५ रोजी अफगाण विशेष दलाचे सशस्त्र जवान रुग्णालयाच्या आवारात घुसले. त्यांनी हवेत गोळीबार केला, तिघा कर्मचाऱ्यांना मारहाण केली आणि तीन रुग्णांना ताब्यात घेतले. सुमारे तासाभराने त्या रुग्णांना सोडून ते निघून गेले. एमएसएफने निषेध म्हणून काम थांबवले आणि आश्वासने मिळाल्यावर काही दिवसांनी रुग्णालय पुन्हा उघडले.

माझ्या मते या प्रकरणातील पहिला निर्णयबिंदू हा आहे, आणि बहुतेक चर्चांमध्ये तो ओझरता येतो. काबूलमधील मंत्रालयाला रुग्णालयाची तटस्थता मान्य होती. कुंदूझच्या गल्लीतून लढणाऱ्या दलाला ती मान्य नव्हती, किंवा माहीत असूनही पटलेली नव्हती. आज आपल्यावर गोळी झाडणाऱ्यावर उद्या इथे उपचार होतात आणि परवा तो पुन्हा समोर उभा राहतो, हा त्या जवानांचा राग समजण्यासारखा आहे. कायद्याने मात्र तो ग्राह्य नाही. आश्वासन वरून मिळाले होते. खाली ते किती उतरले, हे तपासण्याची सोय कोणाकडेच नव्हती.

समस्या

२८ सप्टेंबर २०१५ रोजी तालिबानने कुंदूझ जिंकले. २००१ नंतर एवढे मोठे शहर त्यांच्या हाती प्रथमच पडले होते. सकाळपासून जखमींची रीघ लागली आणि त्या एका दिवसात १३० हून अधिक जण दाखल झाले, त्यांत लहान मुलेही होती. ९२ खाटांचे रुग्णालय काही दिवसांत १४० खाटांचे करावे लागले. मार्गिकांमध्ये, कार्यालयांच्या खोल्यांमध्ये गाद्या टाकल्या गेल्या. २८ सप्टेंबरपासून हल्ल्याच्या रात्रीपर्यंत तातडीच्या विभागात ३७६ रुग्णांवर उपचार झाले.

तोपर्यंत रुग्णालयात येणारे बहुतेक लढवय्ये सरकारी बाजूचे असत. शहर पडल्यावर हे प्रमाण एकदम फिरले. ३० सप्टेंबरला सुमारे १३० रुग्णांपैकी अंदाजे ६५ जण तालिबानचे जखमी होते. त्यांच्यातील दोघे वरच्या हुद्द्यावरचे असावेत, असे त्यांच्याभोवतीच्या लोकांच्या वर्दळीवरून कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले.

त्यामुळे प्रश्न दुहेरी होता. रुग्णालय बंद केले तर शहरात अडकलेल्या हजारो लोकांना शस्त्रक्रियेची जागा उरत नव्हती. चालू ठेवले, तर सरकारी फौजा आणि त्यांना मदत करणारी अमेरिकी विमाने शहर परत घेण्यासाठी येणार हे उघड असताना, ज्या इमारतीत शत्रूचे जखमी आहेत अशी इमारत चालू राहणार होती.

समोरचे पर्याय

पुढील मांडणी कोणत्या बैठकीच्या इतिवृत्तातून घेतलेली नाही. त्या दिवसांची परिस्थिती पाहता जे मार्ग उपलब्ध होते ते येथे मांडले आहेत.

पहिला मार्ग रुग्णालय रिकामे करण्याचा. परदेशी कर्मचाऱ्यांना बाहेर काढणे कदाचित जमले असते. परंतु कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असलेल्या, हाडांना बाहेरून सळ्या लावलेल्या, पोट उघडून नुकतेच शिवलेल्या रुग्णांना चकमकींतून हलवायचे कुठे आणि कसे, याला उत्तर नव्हते. स्थानिक कर्मचाऱ्यांची घरे शहरातच होती, म्हणजे त्यांच्यासाठी ‘बाहेर पडणे’ हा शब्दच अपुरा होता.

दुसरा मार्ग फक्त नागरिकांना दाखल करून घेण्याचा. यामुळे आकाशातून होणारा धोका कमी झाला असता असे वरवर वाटते. पण तालिबानच्या ताब्यातील शहरात तालिबानच्या जखमींना दारातून परत पाठवणारे रुग्णालय तासभरही चालले नसते. शिवाय युद्धविषयक कायद्यानुसार जखमी होऊन लढाईबाहेर पडलेला सैनिक हा केवळ रुग्ण असतो. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारातील १९व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, रुग्णालयात जखमी सैनिकांवर उपचार होत आहेत एवढ्यावरून त्याचे संरक्षण जात नाही; ते जाते रुग्णालयाचा वापर शत्रूला अपाय करण्यासाठी झाला तर, आणि तेव्हाही आधी रीतसर ताकीद देणे बंधनकारक आहे. हे कलम देशादेशांतील युद्धासाठी लिहिलेले असले तरी त्यातील तत्त्व अंतर्गत युद्धांनाही रूढ कायद्याने लागू मानले जाते.

तिसरा मार्ग दिवे मालवून, शक्य तितके अंधारात राहून काम करण्याचा. शस्त्रक्रिया चालू असताना हे अशक्यप्राय होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे अंधारातील इमारत कोणालाही कोणतीही वाटू शकते.

चौथा मार्ग उलटा होता: आपण कोण आहोत, कुठे आहोत, आत कोण आहेत, हे सगळ्यांना सतत आणि स्पष्ट सांगत राहणे. एमएसएफने हाच स्वीकारला. मला तो आजही योग्य वाटतो. त्याचा पाया मात्र किती ठिसूळ होता, हे पुढे दिसते.

२८ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर: घेतलेले निर्णय

पहिल्याच दिवशी सरकारी अधिकाऱ्यांशी बोलून अतिगंभीर वगळता सरकारी बाजूच्या जखमींना दुसऱ्या रुग्णालयात हलवण्याची व्यवस्था करण्यात आली. शहर तालिबानच्या ताब्यात गेल्यावर या रुग्णांचा जीव खाटेवरही सुरक्षित राहिला नसता.

२९ सप्टेंबरला रुग्णालयाचे अक्षांश-रेखांश पुन्हा एकदा कळवण्यात आले. ते अमेरिकी संरक्षण खात्याला, काबूलमधील अमेरिकी लष्कराला आणि अफगाण गृह व संरक्षण मंत्रालयांना गेले आणि पोहोचल्याची खात्रीही करून घेण्यात आली.

३० सप्टेंबरला तालिबानच्या प्रतिनिधीशी बोलताना खाटा मोकळ्या करण्याची गरज मांडली गेली. त्यानंतरच्या दोन दिवसांत बरेच रुग्ण निघून गेले, काही तर डॉक्टरांचा सल्ला डावलून. ते या बोलण्यामुळे गेले, भीतीने गेले की त्यांना परत बोलावून घेतले गेले, हे आढाव्यातही निश्चित झालेले नाही. पण २ ऑक्टोबरच्या रात्री १०५ रुग्णांमध्ये तालिबानचे सुमारे २० आणि सरकारी बाजूचे तीन-चार जखमी उरले होते. म्हणजे हल्ला झाला तेव्हा बहुसंख्य रुग्ण सामान्य नागरिक होते.

१ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमधील एका अमेरिकी सरकारी अधिकाऱ्याने एमएसएफला विचारले की, रुग्णालयात तालिबानचे लोक मोठ्या संख्येने दडून बसले आहेत काय आणि कर्मचारी सुरक्षित आहेत काय. उत्तर दिले गेले की रुग्णालय रुग्णांनी भरले आहे, त्यांत तालिबानचे जखमीही आहेत आणि काम पूर्ण क्षमतेने चालू आहे. दुसरा निर्णयबिंदू येथे आहे. प्रश्न विचारला गेला, याचा अर्थ कोणाच्या तरी मनात, कुठल्या तरी पातळीवर, त्या इमारतीविषयी शंका निर्माण झालेली होती. उत्तर खरे आणि सरळ होते. परंतु ही शंका नेमकी कोणाची आहे आणि आपले उत्तर त्या व्यक्तीपर्यंत जाते आहे का, हे विचारून घेण्याइतका धागा पुढे ओढला गेला नाही. जखमींची रीघ अखंड हाताळणाऱ्या लोकांना याबद्दल दोष देणे अवघड आहे. संस्थेच्या मुख्यालयांना मात्र तेवढी उसंत होती.

२ ऑक्टोबरला फाटकावरच्या झेंड्याखेरीज छतावर संस्थेचे दोन झेंडे पसरून लावण्यात आले. त्या रात्री शहरातील बहुतेक भाग अंधारात होता. जनित्रांवर चालणारे रुग्णालय लख्ख उजळलेले होते. आवारात १४० स्थानिक आणि ९ परदेशी कर्मचारी होते, शिवाय रेडक्रॉसचा एक प्रतिनिधी. आसपास लढाई नव्हती. शस्त्रक्रिया करण्यासाठी आज जरा शांतता आहे, असे तेथील लोकांना वाटत होते.

हल्ला आणि फोन

३ ऑक्टोबरच्या पहाटे २ वाजून ८ मिनिटांच्या सुमारास अमेरिकी हवाई दलाच्या एसी-१३० या तोफा बसवलेल्या विमानाने मुख्य इमारतीवर मारा सुरू केला. प्रथम अतिदक्षता विभाग सापडला. तेथील रुग्णांना हलता येत नव्हते. काही जण खाटेवरच जळाले. मग शस्त्रक्रियागृहे, तातडीचा विभाग, प्रयोगशाळा, क्ष-किरण विभाग. आजूबाजूच्या इतर इमारतींना फारसा धक्का बसला नाही. वाचलेल्या डॉक्टरांनी कार्यालयाच्या खोलीतले टेबल मोकळे करून त्यावर आपल्याच सहकाऱ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यांतील एक डॉक्टर त्या टेबलावरच गेला. एकूण ४२ जण मृत्युमुखी पडले: २४ रुग्ण, १४ कर्मचारी आणि ४ रुग्णांसोबतचे नातलग.

२ वाजून १९ मिनिटांनी एमएसएफचा पहिला फोन काबूलमध्ये नाटोच्या नेतृत्वाखालील मोहिमेला गेला. पुढच्या मिनिटाला रेडक्रॉसला, नंतर संयुक्त राष्ट्रांच्या संपर्क अधिकाऱ्यांना, काबूलमधील मंत्रालयाला, वॉशिंग्टनला. एमएसएफच्या मते मारा सुमारे तासभर चालला. अमेरिकी चौकशीनुसार तो सुमारे अर्धा तास, म्हणजे २ वाजून ३७ मिनिटांपर्यंत होता.

या विमानाचा वेध दुसऱ्याच इमारतीवर होता. सुमारे चारशे मीटरवर अफगाण गुप्तचर संस्थेचे कार्यालय होते, तालिबानने बळकावलेले. चौकशीत पुढे आले ते असे: विमान ठरल्यापेक्षा ६९ मिनिटे आधी, पूर्ण माहिती न घेता उडाले होते, आणि संरक्षित ठिकाणांची यादी त्यातील कर्मचाऱ्यांच्या हाती नव्हती. उड्डाणादरम्यान संपर्काची काही उपकरणे बंद पडली. क्षेपणास्त्राचा धोका जाणवल्याने विमान लांब सरकले आणि त्यामुळे यंत्रात टाकलेले अक्षांश-रेखांश एका मोकळ्या मैदानावर पडू लागले. मग जमिनीवरून मिळालेल्या वर्णनाशी जुळणारी मोठी इमारत नजरेने शोधली गेली. ती रुग्णालयाची निघाली.

या सगळ्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो पुढचा तपशील. मारा सुरू होण्याच्या सुमारे एक मिनिट आधी विमानाने बगराम येथील तळाला कळवले की आपण अमुक अक्षांश-रेखांशावरील इमारतीवर मारा करत आहोत. तळाकडे रुग्णालयाचे अक्षांश-रेखांश होते, संरक्षित ठिकाणांची यादीही होती. दोन्ही आकडे एकाच ठिकाणी होते आणि कोणी ते एकमेकांशेजारी ठेवून पाहिले नाहीत. त्यानंतर २ वाजून २० मिनिटांना रुग्णालयावर हल्ला होत असल्याची खबर लष्कराकडे पोहोचली, तरी नेमके काय घडते आहे हे उमगायला आणखी १७ मिनिटे गेली.

परिणाम

रुग्णालय त्याच दिवशी बंद पडले. गंभीर जखमींना दोन तासांवर असलेल्या पुल-ए-खुमरी येथील रुग्णालयात नेण्यात आले. घटनेनंतर काही अफगाण अधिकाऱ्यांनी आवारात दहशतवादी लपले होते असा दावा केला. एमएसएफने तो ठामपणे फेटाळला, आणि अमेरिकी लष्कराने तर तो हल्ल्याचे कारण म्हणून पुढेच केला नाही, आपली चूक झाली असे म्हटले. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी संस्थेच्या अध्यक्षांना फोन करून माफी मागितली. एप्रिल २०१६ मध्ये तीन हजारांहून अधिक पानांचा चौकशी अहवाल, काही मजकूर काळा करून, प्रसिद्ध झाला. १६ जणांवर प्रशासकीय कारवाई झाली. कोणावरही फौजदारी खटला चालला नाही, कारण हल्ला हेतुपुरस्सर नसल्याने तो युद्धगुन्हा ठरत नाही असा निष्कर्ष काढण्यात आला. मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ६ हजार आणि जखमींना ३ हजार डॉलर देण्यात आले. एमएसएफने जिनिव्हा करारांखालील आंतरराष्ट्रीय मानवतावादी तथ्यशोधन आयोगाकडून स्वतंत्र चौकशीची मागणी केली होती. आयोगाने तयारी दाखवली. अमेरिका आणि अफगाणिस्तान यांची संमती लागत होती, ती मिळाली नाही.

कुंदूझच्या लोकांसाठी मात्र हिशोब निराळा होता. वर्षाला २२ हजार रुग्ण जेथे मोफत उपचार घेत होते, ती जागा नकाशावरून गेली. अस्थिशस्त्रक्रिया आणि दीर्घ फिजिओथेरपी लागणाऱ्यांना काबूल गाठावे लागे किंवा खासगी दवाखान्यात कर्ज काढून उपचार घ्यावे लागत, आणि ज्यांना यांपैकी काहीच जमत नव्हते ते पाय वाकडा राहिला तरी घरीच राहत. ३ ऑक्टोबर २०१६ रोजी, बरोबर वर्षाने, तालिबानने शहरावर पुन्हा हल्ला चढवला. त्या वेळी जखमींचा सारा लोंढा सरकारी प्रादेशिक रुग्णालयावर आदळला. रुग्णालयावरील हवाई हल्ल्यातील मृतांचा आकडा सगळीकडे नोंदला गेला आहे. वर्षानंतरच्या या लढाईत शस्त्रक्रियागृह नसल्यामुळे कोण गेले, याची मोजदाद होत नाही, आणि आरोग्यसेवेवरील हल्ल्यांच्या नोंदींत हा रकाना सहसा नसतोच.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी फट लष्कराकडे होती आणि ती बुजवण्याची जबाबदारीही त्यांचीच होती. संरक्षित ठिकाणांची यादी ही विमानाच्या यंत्रणेत आधीच भरलेली असणे, आणि मारा सुरू करण्यापूर्वी तळाने आकडे जुळवून होकार देईपर्यंत थांबणे, या दोन गोष्टींपैकी एक जरी झाली असती तरी ती रात्र वेगळी गेली असती. यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नव्हते.

जमिनीवरील मित्रफौजेने केलेल्या वर्णनावर विसंबून इमारत ठरवणे हा दुसरा मुद्दा. जुलैमध्ये अफगाण विशेष दल याच रुग्णालयात घुसले होते. त्या घटनेचा आणि ऑक्टोबरच्या हल्ल्याचा थेट संबंध सिद्ध झालेला नाही, आणि तो आहे असे मी सुचवतही नाही. परंतु ज्या इमारतीवर एका पक्षाची खप्पामर्जी आहे हे तीन महिने आधी कळलेले होते, त्या इमारतीभोवती अमेरिकी बाजूने अधिक सावधगिरीची नोंद करून ठेवायला हवी होती.

रुग्णालयाच्या बाजूनेही काही गोष्टींचा विचार करता येतो. छतावरील कापडी झेंडा दिवसा उपयोगी असतो. रात्री उष्णतेवरून चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्याला त्यावरचा रंग आणि अक्षरे कळत नाहीत. रात्रीही आकाशातून ओळखू येईल अशी, सर्व पक्षांना आधी दाखवून मान्य करून घेतलेली खूण असायला हवी होती. त्याहून महत्त्वाचा होता फोन. पहाटे २ वाजून १९ मिनिटांनी ज्यांना फोन केले गेले ते संपर्क अधिकारी होते, आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही हातात विमान थांबवण्याचा अधिकार नव्हता. हवाई कारवाई चालवणाऱ्या कक्षाशी थेट जोडलेला एक क्रमांक, आणि त्यावर ‘थांबवा’ म्हटल्यावर आधी थांबून मग खात्री करण्याचा आगाऊ करार, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

आणि एक प्रश्न मी उघडा ठेवतो. २८ सप्टेंबरनंतर थांबण्याचा निर्णय परदेशी आणि स्थानिक कर्मचाऱ्यांसाठी सारखाच होता का? मृत्यू पावलेले १४ कर्मचारी अफगाणच होते. स्थानिक कर्मचाऱ्याला नोकरी, शहर आणि घर यांपैकी काहीच सोडता येत नसताना त्याची ‘संमती’ कितपत मोकळी असते, याचा विचार अशा प्रत्येक निर्णयाआधी लेखी स्वरूपात व्हायला हवा, असे मला वाटते.

पुन्हा उघडणे

हल्ल्यानंतर एमएसएफसमोर तिसरा आणि सर्वांत लांबलेला निर्णय होता: परतायचे का, आणि कोणत्या अटींवर. लगेच परतले असते तर जखमींना उपचार मिळाले असते, पण हल्ला पचवता येतो असा संदेशही गेला असता. अजिबात परतले नसते तर शिक्षा कुंदूझच्या लोकांना झाली असती. संस्थेने मधला मार्ग धरला आणि अफगाण सरकार, अमेरिका आणि तालिबान या सगळ्यांशी दीर्घ वाटाघाटी केल्या. मुख्य अट एकच होती: रुग्ण कोणत्याही बाजूचा असो, त्याच्यावर उपचार करण्याचा हक्क मान्य करा आणि त्यामुळे रुग्णालय लक्ष्य होणार नाही याची हमी द्या. याच काळात, ३ मे २०१६ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने युद्धकाळात आरोग्यसेवेच्या संरक्षणाविषयीचा ठराव क्रमांक २२८६ एकमताने मंजूर केला.

हमी मिळाल्यावरही सुरुवात जपून झाली. जुलै २०१७ मध्ये कुंदूझमध्ये एक बाह्यरुग्ण दवाखाना उघडला, जेथे किरकोळ जखमा, भाजलेले आणि जुन्या न भरलेल्या जखमांचे रुग्ण पाहिले जात. मोठ्या शस्त्रक्रियांची सोय अजून नव्हती. २०१८ पासून नव्या ट्रॉमा सेंटरचे बांधकाम चालू झाले. ते पुरे होण्याआधीच जुलै २०२१ मध्ये शहराभोवती पुन्हा लढाई पेटली, तेव्हा संस्थेने आपल्या कार्यालयाच्या जागेतच २५ खाटांचा तात्पुरता विभाग थाटला. ८ ऑगस्टला शहर तालिबानच्या ताब्यात गेले. १६ ऑगस्ट २०२१ रोजी, बांधकामाची काही कामे बाकी असतानाच, तात्पुरत्या विभागातील रुग्ण नव्या इमारतीत हलवण्यात आले. जुने रुग्णालय बंद पडल्यापासून त्या दिवसापर्यंत जवळजवळ सहा वर्षे गेली होती.